बुधाजीने टेंपोची गॅरंटी घेतली

आमच्या कुंभिवलीत आपल्याला कोणी फसवू शकलेलं नाही, असं बुधाजी स्वतःच सांगतो. खरी गोष्ट अशी, की फसवायला तो कोणाला सवडच देत नाही. समोरचा तोंड उघडायच्या आत हा त्याला चोर ठरवून मोकळा. तो माझा चुलतभाऊ, वयाने मोठा. माझं हमरस्त्यावर चहाचं दुकान आहे. तिथे घरचा माणूस म्हणून फुकट चहा पितो, पण आधी पेला उजेडाकडे धरून बघतो, मग घोट घेतो आणि मग विचारतो, "गजा, काल ह्याच्यापेक्षा दाट हुता नं?" गिरणीत दळण टाकलं की पीठ पडतं तिथेच हात धरून उभा. रॉकेलच्या दुकानात मापाचा तळ बोटांनी चाचपून बघणार, मुद्दाम पोचा तर पाडलेला नाही ना. एकदा पुजाऱ्याने देवापुढे फोडलेल्या नारळाचं अर्धं भकल परत दिलं, तर हा ते दुसऱ्या भकलाला जुळतं का ते लावून बघत बसला. पुजाऱ्याने हात जोडले. देवाला नव्हे, बुधाजीला.

आम्ही सगळे त्याला हसतो. मीही हसतो. पण हसताना एक गोष्ट माझ्या मनात असते आणि ती गावात कोणी बोलून दाखवत नाही. आयुष्यात एकदाच त्याने संशय घेतला नाही, आणि नेमका तिथेच तो बुडाला.

येसूबाई ही त्याची बायको, आबाजीची एकुलती एक लेक. आबाजीचं साजगावला भाताचं शेत होतं. तो गेल्यावर ते येसूवहिनीच्या नावावर झालं. त्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी घ्यायला सुरुवात झाली तेव्हा एक दलाल आला. पायात पांढरे बूट, तोंडात वेलदोडा. "शेत द्या, पाव्हण्यांना कारखान्यात कायमची नोकरी. माझा शब्द." नारळाची भकलं जुळवून बघणारा बुधाजी त्या माणसापुढे विरघळला. का, ते आजवर मला कळलेलं नाही. दलाल त्याला 'पाव्हणं' म्हणायचा, तेवढंही कारण पुरलं असेल. वहिनीने सही केली.

कंपाउंड झालं, धुरांडं उभं राहिलं. बुधाजी नवा सदरा घालून गेटवर गेला आणि वॉचमनने त्याला बाहेरूनच परत पाठवलं. दलाल तोवर गायब. घरी काय सांगायचं? त्याने काही सांगितलंच नाही. कित्येक दिवस तो वहिनीने दिलेला डबा घेऊन सकाळी निघायचा आणि माझ्या दुकानामागे लाकडांच्या ढिगावर बसून तो खायचा. वहिनीला शेवटी पाण्यावर दुसऱ्या बायकांकडून कळलं. दुसऱ्या दिवसापासून डबा भरायचा तेवढा तिने बंद केला.

जमिनीचे पैसे बँकेत पडून होते. बुधाजी मधूनच तिथे जाऊन पैसे जागेवर आहेत का ते विचारून यायचा, आणि नुसतं विचारून त्याचं समाधान होत नसे, दाखवा म्हणायचा. हमरस्त्यावर कारखाने वाढले, माल न्यायला गाड्या मिळेनात, तेव्हा त्र्याऐंशी साली वहिनीनेच विषय काढला. "बाबाचं श्यात गेलं त्ये गेलं. त्याचं कायतरी चालतंफिरतं व्हऊ द्या." त्यातून टेंपो ठरला, तीन चाकी. आता हे नीट लक्षात घ्या. लोकांच्या दारात टेंपो येतो तसा हा नव्हता. आबाजीच्या शेतातलं एवढंच मागे उरलं होतं. तो टेंपो मोडीत गेला असता तर वहिनीकडे बापाचं म्हणून दाखवायला काडीही राहिली नसती. बुधाजीला हे ठाऊक होतं. म्हणून तो नेहमीपेक्षा दसपट संशयी झाला होता, आणि साक्षीदार म्हणून मला पनवेलला सोबत घेऊन गेला होता.

शोरूममध्ये टाय लावलेला एक पोरगेला साहेब होता. त्याने आम्हाला थंड पाजलं. बुधाजीने बाटली माझ्याकडे सरकवली, मी पिऊन जिवंत राहिलो तेव्हा स्वतःची उचलली. मग साहेब म्हणाला, "काका, कंपनीची गॅरंटी एक वर्षाची. पण आमची स्वतःची एक वाढीव योजना आहे. थोडे वर भरा, पुढची दोन वर्षंही यंत्रात काही मोडलं तर आम्ही फुकट करून देणार."

बुधाजीचे डोळे बारीक झाले. "म्हंजे दुसऱ्या वर्साला मोडनार ह्ये तुमाला आजच ठाव हाय?"

"तसं नाही हो काका. समजा, मोडलं तर."

"आमच्यात बैल इकतो त्यो मानूस चिखलनीत जुपून दाखवतो. बसला तर बैल परत. पन वर पैसे दे, म्हंजे दोन वर्सांनी बसला तर उठवून देतो, असं म्हननारा बैलवाला मी अजून बघितला नाय."

साहेब हसला. हसायला नको होतं. बुधाजीने तेही मनात धरलं. मग साहेबाने अटी सांगितल्या. सर्व्हिसिंग त्यांच्याच वर्कशॉपमध्ये करायचं. डिझेलच्या पंपाला तार ओवून शिशाचं सील मारलेलं आहे, ते शाबूत पाहिजे. सील तुटलं की गॅरंटी संपली, त्यांची आणि कंपनीचीही. आणि काय ते आठ दिवसांत ठरवायचं.

"सील कशापायी?" बुधाजीने विचारलं.

"कोणी पंपाला हात लावू नये म्हणून."

"कोनी म्हंजे कोन? गाडी तर माजी."

त्याचं उत्तर साहेब देणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बुधाजी माझ्या कानाला लागला. "बघितलंस? फोनचं निमित्त केलं त्यानं."

टेंपो घरी आला, हळदकुंकू झालं, लिंबूमिरची लटकली. आणि माझ्या दुकानात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. ट्रकवर उभा जन्म घालवलेला सदू म्हणाला, "बुधा, नको रं त्या फंदात पडू. ग्यारंटीच्या नावाखाली गाडी आत घेत्यात, नवा पार्ट काढून जुना बसवत्यात. तुला काय कळनार?" हे बुधाजीच्या काळजात जाऊन बसलं. पण लगेच त्याला आठवलं, की सदूचा मेव्हणा खोपोलीला गॅरेज चालवतो. गॅरंटी घेतली नाही तर गाडी कोणाकडे जाणार? मेव्हण्याकडे! म्हणजे साहेबही चोर आणि सदूही चोर. गॅरंटी घ्यावी तर तिकडून फसणार, न घ्यावी तर इकडून. जेवण गोड लागेना. मला सारखं विचारायचा, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, घेऊन टाक. तर माझ्याकडेच बघत राहिला, तुला त्यातले किती मिळणार अशा नजरेने. मी उठून भट्टीकडे गेलो. असा राग आला होता!

शेवटी वहिनीने तोडगा काढला. मी तिथेच ओट्यावर होतो.

"अवो, घेऊन टाका ती ग्यारंटी."

"फसवतील गं."

"फसवू देत. पन ह्ये लिवून देऊन फसवतील. मागच्यानं नुसतं बोलून फसवलं."

आठव्या दिवशी पनवेलला जाऊन त्याने अटी वाचून घेतल्या, सही केली, पैसे भरले आणि पावती कोपरीच्या आतल्या खिशात ठेवली.

आता खरं तर सुखाने झोपावं. पण पार्ट बदलायची गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. विचार करकरून त्याने जो उपाय काढला तो आमच्याकडच्या माणसालाच सुचावा. लग्नसराई तोंडावर आली होती आणि भांड्यांवर नावं घालणारा जैतू छिन्नी-हातोडी घेऊन दारोदार फिरत होता. तांब्या, परात, हंडा, काहीही लग्नाकार्यात शेजारी गेलं तर ओळखून परत आणता यावं म्हणून आपण नाव घालतो. मग टेंपोवर का नाही? बुधाजीने जैतूला अंगणात बोलावलं आणि सीट उचलून आतलं इंजिन दाखवलं.

"ह्या सगळ्यांवर नाव घालून पायजे, एकेकावर. डायनामा, पंप, गेरबाक्स, चाकांच्या थाळ्या. कायबी सोडायचं नाय."

जैतूने डोकं खाजवलं. "भांड्याच्या दरानं का रं?"

निम्मा गाव जमला. मीही होतो, आणि मला ते इतकं गमतीचं वाटत होतं की त्या आठ दिवसांचा राग मी विसरलो. जैतूने छिन्नी टेकवून विचारलं, "नाव काय घालू? तुजं?"

बुधाजी हो म्हणणार होता. त्याने मागे वळून वहिनीकडे बघितलं. ती दारात उभी होती. माहेरच्या भांड्यावर बापाचं नाव असतं, आणि ही गाडी माहेरचीच होती. बुधाजीने ते ओळखलं. "आबाजी घाल," तो म्हणाला. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. आयुष्यभर शंका काढणाऱ्या ह्या माणसाला तेवढं मात्र बरोबर कळलं होतं, आणि त्या क्षणी मला तो फार आवडला.

टक टक टक टक, जैतू नाव घालत पुढे सरकला. पंपाशी आल्यावर छिन्नीला जागा मिळेना, मध्ये ती सीलची तार. जैतू म्हणाला, "ही काढू?"

साहेबाची अट मला आठवली. "बुधादा, ते सील आहे बरं का," मी म्हटलं.

"ठाव हाय. त्यांनी त्ये मारलंच हाय आपल्याला आत बघता येऊ नये म्हनून. झाकून ठेवतो त्यो चोर." आणि पक्कड घेऊन त्याने स्वतःच्या हाताने तार तोडली. तुटलेलं शिसं मात्र कागदात बांधून ठेवलं, त्यांना दाखवता यावं म्हणून. आपण काही लपवत नाही ना!

पहिल्या सर्व्हिसिंगला आम्ही पनवेलला गेलो. बुधाजी गाडीला चिकटून उकिडवा बसला होता, नावं मोजायला. चष्मा लावलेला एक म्हातारा मेस्त्री इंजिनवर वाकला आणि थबकला. "आबाजी," त्याने वाचलं. मग जरा खाली, "आबाजी." मग पलीकडे, "आबाजी. अहो, हे आबाजी कोण?"

"माजं सासरं."

सगळं वर्कशॉप हसलं. मेस्त्रीही हसला. मग त्याचा हात पंपावर गेला आणि त्याचं हसू थांबलं. बुधाजीने कागदाची पुडी सोडून शिसं पुढे धरलं. मेस्त्रीने ते घेतलं, उलटून बघितलं आणि सरळ विचारलं, "हे का तोडलंत?"

"तुमी पार्ट बदलाल म्हनून. नाव घालायला."

"अहो, सील त्यासाठीच असतं," मेस्त्री म्हणाला. "आमच्यातल्या कोणी पंप उघडला तर तुम्हाला कळावं म्हणून. आमचे हात बांधायला होतं ते. आता साहेब ऐकायचे नाहीत."

साहेबाने ऐकलं नाही. अट होती, ती वाचून दाखवलेली होती, सही होती. वाढीव दोन वर्षं गेलीच, पहिलं वर्षही गेलं. बुधाजी भांडेल, तमाशा करील म्हणून मी पुढे होऊन उभा राहिलो होतो. तो भांडला नाही. कोणाकडेच बोट दाखवायला जागा नव्हती, आणि तशी पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

येताना तो टेंपो इतका सावकाश चालवत होता की बैलगाडीही पुढे गेली असती. मला ते बघवेना. मी म्हटलं, "बुधादा, वहिनीला सांग, त्यांनी पैसे खाल्ले म्हणून. पनवेलवाले चोर निघाले म्हण. तुझ्या तोंडून तिने हेच ऐकलंय जन्मभर, लगेच खरं मानेल." माझ्या दुकानापाशी मला उतरवील असं वाटलं होतं, पण तो थेट घराकडे वळला.

वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. बुधाजी गाडीतून उतरला, तिच्यापुढे उभा राहिला आणि चप्पल काढायच्या आत बोलला. "येसू, ग्यारंटी गेली. सगळी. त्यांनी नाय फसवलं. म्याच तार तोडली."

वहिनीचा हात सुपात थांबला. तिने सूप खाली ठेवलं.

"मागचा फसवून गेला त्यो कुटं गेला त्ये अजून कळलं नाय," ती म्हणाली. "ह्या वेळंला फसवनारा घरीच हाय. बसा, भाकरी टाकते."

बुधाजी ओट्याच्या कडेला बसला आणि रडायला लागला. मोठ्याने, माझ्यादेखत. वंगणाच्या हातांनी डोळे पुसायला गेला तर सगळं तोंड काळं झालं, आणि वहिनी त्याच्याकडे बघून ते शेत गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मी चहाचं दुकान उघडं टाकून आलोय असं काहीतरी पुटपुटलो आणि तिथून निघालो.