मावशीने सोपा केलेला नकाशा

तुमच्या इमारतीसमोरच्या प्लॉटवर उद्या काय उभं राहणार आहे, ते तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर तुमची गाठ अजून माझ्या धाकट्या मावशीशी पडलेली नाही. अवघ्या मीरा-भाईंदरला ते कळेपर्यंत ती कुणालाही सुखाने चहा पिऊ देणार नाही. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा म्हणजे नुसते रकाने आणि आरक्षणांचे क्रमांक. मावशीने त्याची वेबसाइट करायला घेतली. नकाशावर बोट ठेवा, तिथे काय येणार ते एका ओळीत समोर. हरकत घ्यायची तर खालीच बटण.

अवघड शब्दांवर तिचा जुना दात आहे. स्वतःच्या लग्नाची पत्रिका तिने 'लग्न आहे. जेवण आहे. या.' एवढीच छापली होती. सासरची मंडळी अजून त्यात स्वतःची नावं शोधताहेत. लिफ्टमधल्या 'सदरहू पाणीकपातीची सर्व सभासदांनी नोंद घ्यावी' या सूचनेखाली तिने पेनाने लिहिलं, 'उद्या पाणी नाही. भरून ठेवा.' सेक्रेटरी चिडले, पण त्यांच्याही बादल्या भरल्या. मी मोर्चे आणि पत्रकांवर वाढलेला. आराखड्यावर एक जळजळीत पत्रक लिहून तिच्याकडे नेलं. तिने चष्म्यावरून पाहिलं. "सात उद्गारचिन्हं आहेत रे. हरकत कुठे द्यायची, ते कुठाय?"

वेबसाइटचं प्रत्येक पान आधी घोडबंदरहून मासे घेऊन येणाऱ्या रेवूबाईंना दाखवायचं, हा तिचा नेम. "त्यांना कळलं की शहराला कळलं." त्या सकाळी रेवूबाईंनी पदराला हात पुसून खाडीकाठावर बोट ठेवलं. ओळ आली : 'मोकळी जागा. इथे पार्किंग येणार.' खाली आसपासच्या सोसायट्यांनी हौसेने पसंतीचे अंगठे दिले होते.

"मोकली? कोन बोलला मोकली? आमची सुकट काय ढगात सुकते काय गो बाय?"

मावशीने मूळ रकाना उघडला. 'मासळी वाळवण्याच्या पारंपरिक वापराखालील बांधकामविरहित भूखंड.' सोपं करता करता तिने त्यातली माणसंच काढून टाकली होती.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

रेवूबाईंनी टोपली बाजूला सारली. "मंग लिव आता. मी सांगते."

बोंबील बांबूंवर कसे टांगतात, जवळा कुठे पसरतात, कुठल्या घराची जागा कुठवर, वारा फिरला की कोण कुणाचा माल आत घेतं... पानभर झालं. मावशीने एक शब्दही न कापता ते वेबसाइटवर टाकलं. ते वाचून काहींनी आपले अंगठे मागे घेतले. सगळ्यांनी नाही.

हरकतींची मुदत अजून संपलेली नाही. मावशी हल्ली संध्याकाळी एकेक जागा पायी जाऊन बघत फिरते. "आणखी कुठे कुठे मी असं मोकळं लिहून ठेवलंय, कुणास ठाऊक," असं हळूच म्हणते. तिच्या एकटीच्या पायांनी सारं शहर काही होणार नाही. तेव्हा आजच तुमच्या घराजवळच्या मोकळ्या जागेपर्यंत चालत जा. तिथे जे कोणी भेटतील त्यांना, ही जागा त्यांच्या काय कामाला येते, ते विचारा. आणि ते सांगतील तसंच, न कापता, हरकतीत लिहून द्या.