कुरणातला पालथा डबा

आमच्या वरोऱ्याकडच्या शेताला लागून गवताचं कुरण आहे. त्यातलं अर्धं मी गेल्या वर्षी नांगरून सोयाबीन पेरलं. उरलेलं अर्धं मायनं अडवून धरलं. "माह्या गाई कुठी चरतीन? तुह्या डोक्यावर?" रोज हाच सवाल.

भाची कृषी कॉलेजात शिकते. सुट्टीत ती दोन डबे घेऊन आली. एक नांगरलेल्या मातीत पालथा रोवला, एक गवतात. म्हणाली, मामा, कुरण नांगरलं की जमिनीतली जुनी मुळं कुजतात आणि हवा तापवणारा वायू वर निघतो. मी म्हटलं, ते काम ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या धुराड्यांचं, माह्या जमिनीले काऊन बदनाम करतं बापा? धूर ना वास, मला तर काहीच कळेना. तरी तावात शब्द देऊन बसलो. नांगरलेल्या मातीतून जास्त वायू निघाला तर गवताला हात लावणार नाही. गवतातून जास्त निघाला तर ट्रॅक्टर.

डब्यात साठलेला वायू ती रोज यंत्रानं मोजायची. सुरुवातीला नांगरलेली माती पुढे होती. मग एकाएकी गवताच्या डब्याचा आकडा चढला. भाची चक्रावली, यंत्र झटकून पाहिलं. मी खूश! ट्रॅक्टरवाल्याला लगेच फोन केला.

ट्रॅक्टर यायच्या सकाळी कुरणात गेलो, तर माय डब्याभोवती शेणाचा सडा टाकत होती. हळदकुंकूसुद्धा वाहिलेलं.

"काय करून राह्यली वं माय?"

"आपल्या गाईंसाठी बसला हाये बिचारा. त्याले काई मान नको? मी तं मांगच्या हप्त्यापासून रोज टाकतो."

मागून आलेल्या भाचीनं कपाळावर हात मारला. "आजी, सडा मुरून डब्याखाली जातो, आन् शेणातूनही वायू निघतो वं! गवताचे आकडे वाया गेले."

"मग खरं काय?" मी विचारलं.

"आता नाई सांगता येत, मामा. पुन्हा मोजावं लागते."

घ्या! डोकं पार भणभणलं. तेवढ्यात बांधावर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. मायचा चेहरा पांढराफटक पडला. रिकामी बादली छातीशी धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

मी जाऊन ट्रॅक्टर परत पाठवला.

"काऊन भाऊ?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मले बी नाई समजलं," मी म्हटलं. खरंच समजलं नव्हतं.

परत आलो तर माय डब्याला हात जोडून उभी. "त्यानं ऐकलं ना रे माह्यं?"

काय सांगणार? मी हो म्हटलं.