रोज दहा पावलं मागं

तबेल्यात दोन गोष्टी रोज साठतात. लीद आणि किस्से. लीद रोज सकाळी उचलतात, म्हणून तिचा ढीग होत नाही. किस्से कुणी उचलत नाही. इकडे कन्नड मुलखात, हेब्बाळच्या पुढं आमचा तबेला आहे. तिथं मी चाळीस वर्षं काढली. ढीग केवढा असेल, तुम्हीच बघा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण घोड्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. आज फक्त एका वर्षाचे किस्से सांगतो. सुपारी विलायतेला गेली, त्या वर्षाचे.

सुपारी म्हणजे आमची घोडी. रंग भाजक्या सुपारीसारखा. तिचा जन्म माझ्या हातावर झाला. मालक पुण्याकडचे, साहेब आणि मॅडम. साहेबांना विलायतेत नोकरी लागली. तबेला भाड्यानं द्यायचा ठरला. सुपारी, कुत्रा आणि मांजर मात्र बरोबर न्यायची.

"घर सोडून जाऊ अण्णा, जनावरं सोडून नाही," मॅडम म्हणाल्या.

मला पटलं. नंतर लक्षात आलं, मी घरात मोडतो.

*

कुत्र्याची पेटी इथल्याच शिवाजीनगरच्या सुताराकडून करून घेतली. विमानाचा नियम असा की कुत्र्याला पेटीत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे. सुतार टेप घेऊन आला. टेप बघून कुत्रा आडवा झाला तो उठेना. सुतारानं आडव्याचंच माप घेतलं. पेटी आली ती लांबलचक आणि बुटकी.

साहेब म्हणाले, चालेल, तो झोपूनच तर जाणार.

"मग तुम्हीच जा यातून," मॅडम म्हणाल्या. "झोपेत तुमचा हात कुणी धरणार नाही."

दुसरी पेटी झाली. पहिलीत आमच्या कोंबड्या अजून अंडी घालतात.

*

सुपारीचा पासपोर्ट करायचा होता. त्यात घोड्याचं चित्र असतं. अंगावरचा प्रत्येक पांढरा ठिपका, प्रत्येक भोवरा त्यावर दाखवावा लागतो. आमचे जनावरांचे डॉक्टर कन्नड माणूस, पण माझ्याशी मराठीच बोलायचा त्यांचा हट्ट. त्यांनी चार भोवरे मोजले. मी म्हटलं, पाच. ते पुन्हा घोडीभोवती फिरले. चारच. मी आयाळ उचलली आणि पाचवा दाखवला.

मग त्यांनी तिची जन्मतारीख विचारली. मी तारीख सांगितली, वेळ सांगितली, आई तिला किती वेळ चाटत होती तेही सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. कागद मिटता मिटता विचारलं, "अण्णा, आणि तुमची जन्मतारीख?"

"आधार कार्डावर एक जून आहे," मी म्हटलं. "शाळेच्या मास्तरनं ठरवली."

*

त्याच आठवड्यात साहेब म्हणाले, तुमचाही पासपोर्ट काढू, दोन महिने तिकडे चला, सुपारी रुळली की परत या.

मी म्हटलं, "साहेब, निपाणीहून मी इथं दोन महिन्यांसाठीच आलो होतो."

पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

*

घोड्याला विमानाच्या आवाजाची आधीच सवय लावावी लागते. विमानात घोड्याला जेवढी जागा मिळते तेवढ्या मापाची प्लायवूडची खोली मी करून घेतली आणि लॉरीवर चढवली. वरचा पत्रा मुद्दाम सैल ठेवला, म्हणजे खडखडेल. रोज दुपारी चारला सुपारीला आत चढवायचं, पुढ्यात गाजरं ठेवायची आणि हेब्बाळच्या फ्लायओव्हरपर्यंत फेरी मारायची.

एकदा जाममध्ये अडकलो. शेजारी ऑटो. ऑटोवाल्यानं आधी घोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. कन्नडमध्ये विचारलं, कुठं नेताय?

मी म्हटलं, लंडनला.

त्यानं पुढची गर्दी बघितली.

"सरी," म्हणजे ठीक, तो म्हणाला. "लंडन जवळ आहे. हेब्बाळ ओलांडणं अवघड."

*

खरी अडचण होती मॅनेजरची.

मॅनेजर हा बोकड. लहानपणी सुपारी एकटी राहत नसे, भिंतीला लाथा मारायची. मी तिच्याशेजारी एक करडू बांधलं. लाथा बंद. तेव्हापासून त्याच्या परवानगीशिवाय ही घोडी हलत नव्हती, म्हणून नाव मॅनेजर. विलायतेला त्याला नेता येत नव्हतं. त्याचे कागदच होईनात.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. बोकडाला रोज दहा पावलं मागं बांधायचं. आधी शेजारून अंगणात, मग झाडाखाली, मग पाण्याच्या टाकीमागं. दिसणं बंद, मग वास बंद. घोडीला कळतही नाही.

मी म्हटलं, होईल.

"बोकडाचं होईल," डॉक्टर म्हणाले. "तुमचं काय?"

भाचीच्या लग्नाला चार दिवस निपाणीला गेलो होतो, तेव्हा सुपारीनं चार दिवस दाण्याला तोंड लावलं नव्हतं. ते डॉक्टरांना माहीत होतं. विमानात आणि तिकडे तिनं असं केलं तर ती वाचणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून दाणा मॅडमनी घालायचा, खरारा मॅडमनी करायचा. मी आणि मॅनेजर, दोघंही रोज दहा पावलं मागं.

*

मॅडमना पाय उचलून खूर साफ करणं जमेना. घोडीच्या मागं जायची भीती. मी झाडाखालून ओरडायचो, खांदा लावा, खांदा. डॉक्टर माझ्यावर ओरडायचे, तुम्ही तिथं नाही आहात.

पंधरा दिवसांनी मॅडमनी चारही खूर साफ केले. माझ्याकडे बघून हसल्या. मी वळून मॅनेजरला पाणी पाजायला गेलो. त्याला तहान नव्हती.

*

जायच्या आदल्या दिवशी रहमानभाई नालबंद आले. विमानात लाथ बसली तर इजा नको म्हणून मागच्या पायांचे नाल काढतात. एवढ्या वर्षांत रहमानभाईंना मी मुकाट्यानं काम करताना बघितलं नाही. त्या दिवशीही नाही.

"काय जमाना आहे अण्णा. माझा भाचा सौदीला निघाला तेव्हा आम्ही नवे बूट घेऊन दिले. ही बघा, अनवाणी चालली."

काढलेला एक नाल त्यांनी माझ्यापुढं धरला. दारावर ठोका म्हणाले. मी म्हटलं, मी दारावर काही ठोकत नाही. त्यांनी वाद घातला नाही. माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकून गेले. खिसा फाटला. शिवला नाही अजून.

*

एअरपोर्टचा ट्रक सकाळी दहाला आला. डॉक्टरांचा हुकूम होता, अण्णा आणि मॅनेजर टाकीमागं, आवाज नाही.

मी टाकीमागं उकिडवा बसलो. मॅनेजरला गुडघ्यांत दाबलं आणि त्याचं तोंड दोन्ही हातांनी गच्च धरलं. टाकीखालच्या फटीतून मला फक्त पाय दिसत होते. मॅडमचे बूट आणि सुपारीचे चार खूर. मागच्या पायांचा आवाज येत नव्हता.

ट्रकच्या फळीपाशी खूर थांबले. मॅडम हळू बोलत होत्या, गाजर दाखवत होत्या. खूर हलेनात. मग सुपारी एकदा खिंकाळली, लांब. मला दाणा घालायला उशीर झाला की खिंकाळायची, तशी.

कुणी हललं नाही.

टाकीमागून एक आवाज गेला.

सुपारीनं नाक फुरफुरवलं. आधी पुढचे खूर फळीवर चढले, मग मागचे. दार लागलं.

मॅडम धावत टाकीमागं आल्या. धाप लागली होती. "बाई गं, नेमका आत्ता ओरडला मॅनेजर! मला वाटलं, ती आता उलटी फिरते. तोच ओरडला ना, अण्णा?"

"हो," मी म्हटलं. "मॅनेजरच."

मॅनेजरचं तोंड अजून माझ्या दोन्ही हातांत होतं.