डॉक्टरीणबाईंचा मंगळवार

डॉ. मंजुषा बेलवलकर सकाळी सॉल्ट लेकमधल्या दोन ब्लॉकांत घरोघरी जाऊन पेशंट तपासतात. संध्याकाळी त्या औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बसतात. डॉक्टरच्या अशा खोलीला कोलकात्यात चेंबर म्हणतात, मग तिथे एक टेबल आणि कुरकुरणारा पंखा एवढंच का असेना. सकाळच्या फेरीतले बहुतेक पेशंट सत्तरीच्या पुढचे आहेत. मुलं टोरांटोत नाहीतर बंगळुरात. दुमजली घर, दिवसभराची एक आया आणि एक लँडलाइन. ती बंद करायची नाही, कारण मुलाला तेवढाच नंबर पाठ आहे.

मंजुषाबाई मूळच्या सांगलीच्या. पती प्रभाकर केंद्र सरकारच्या कार्यालयात होते, बदलीवर इथे आले आणि इथूनच निवृत्त झाले. परत जायचा विषय दर दिवाळीला निघतो आणि भाऊबीजेपर्यंत टिकतो. दोघांचं बंगाली चांगलं आहे, पण उच्चार अजून कृष्णाकाठचे. पेशंट ते दुरुस्त करतात. तपासणी चालू असतानाही करतात.

पेशंटच्या घरी गेल्यावर मंजुषाबाई आधी ब्लडप्रेशर बघत नाहीत, फ्रिज उघडतात. मग न्हाणीघरात कोरडं पायपुसणं आहे का ते पाहतात. मग खुर्ची ओढून विचारतात, “जेवताना शेजारी कोण बसतं?” ज्याच्या शेजारी कोणी बसत नाही तो दुपारच्या भातावरून हळूहळू चहा-बिस्किटांवर येतो आणि मग अशक्तपणाचं औषध मागतो, असा त्यांचा अनुभव आहे. अशांना त्या टॉनिक लिहून देत नाहीत. शेजारच्या घरातल्या दुसऱ्या एकट्या पेशंटचं नाव सांगतात आणि दोघांनी एका टेबलावर जेवावं असं बजावतात. यातून एक-दोन भांडणं झाली आहेत, पण वजनं वाढली.

या फेरीत एकच अडचण होती. बंगाली घरातून पाहुणा तोंड गोड केल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि तपासून झालं की डॉक्टर पाहुणा होतो. एका बशीत दोन संदेश, शेजारी पाण्याचा ग्लास. पुढच्या घरी पुन्हा तेच. हिवाळ्यात त्यात खजुराच्या गुळाचे प्रकार. नाही म्हटलं तर यजमानीण पदार्थाबद्दल बोलत नाही, नात्याबद्दल बोलते: “आमच्या घरचं खायचं नाही?” मंजुषाबाई वर्षानुवर्षं खात आल्या.

फेब्रुवारीत त्यांनी प्रभाकररावांच्या तपासणीबरोबर सहज स्वतःचंही रक्त दिलं. रिपोर्ट दोघांनी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर उघडले.

“हा कुणाचा?” प्रभाकररावांनी चष्मा वर केला.

“माझा.”

“तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी आठ पूर्णांक एक? पेशंट असतीस तर काय म्हणाली असतीस?”

“ओरडले असते.”

“मग ओरड. मी तुझ्या वतीने ऐकून घेतो. सवय आहे मला.”

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. सकाळी जवळच्या सेंट्रल पार्कला फेऱ्या सुरू झाल्या. प्रभाकररावांचं म्हणणं होतं, की पेशंटना सरळ सांगून टाकावं, म्हणजे बशा आपोआप बंद होतील.

“वेड लागलंय का? अर्ध्या ब्लॉकाचा रसगुल्ला मी बंद केलाय,” मंजुषाबाई म्हणाल्या. “उद्या म्हणतील, हिला स्वतःचं जमत नाही आणि आम्हाला शिकवते. माझं ऐकतात म्हणून हे लोक धड आहेत. ऐकायचे थांबले, तर मी नुसती गोळ्या लिहिणारी बाई.”

म्हणजे साखर लपवायची आणि संदेशही टाळायचा. मार्ग त्यांना एका मंगळवारी अणिमा लाहिडींच्या घरी सुचला.

अणिमा लाहिडी एकोणऐंशी वर्षांच्या. भूगोलाच्या शिक्षिका होत्या. सगळा ब्लॉक त्यांना मासीमा म्हणतो. मधुमेह जुना, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, आणि शिस्त अशी की मंजुषाबाई इतरांना त्यांचा दाखला देत. त्या दिवशी त्यांची आया शेफाली बशी घेऊन आली आणि मंजुषाबाईंच्या तोंडून निघून गेलं, “मासीमा, आज नको. माझा मंगळवार आहे. गणपतीचा उपवास.”

सांगलीत या वाक्यापुढे कोणी आग्रह करत नाही. मंजुषाबाई माहेरच्या हिशेबाने बोलल्या, तिथेच चुकल्या. बंगालमध्ये उपास म्हणजे भात नाही. बाकी बरंच काही चालतं.

“अगं, मग आधी सांगायचं नाही?” मासीमा उठूनच बसल्या. “शेफाली, कणीक नको, मैदा भिजव. चार लुच्या तळ. आणि संदेश असू दे, दूध फोडून केलेल्या छान्याचा आहे, उपासाला शुद्ध.”

मंजुषाबाईंनी त्या दिवशी संदेशाबरोबर तळलेल्या मैद्याच्या पुऱ्याही खाल्ल्या.

पुढच्या मंगळवारी दोन्ही ब्लॉक तयारीत होते. एका घरी भिजवलेला साबुदाणा, त्यात केळं, खोबरं आणि बत्तासे. दुसऱ्या घरी आटवलेलं दूध. बिचारी उपाशी पोटी उन्हात फिरते, असा सार्वत्रिक सूर होता. मंजुषाबाईंनी उपाय म्हणून मंगळवारची फेरी आटोपशीर केली आणि बाकीच्या दिवसांसाठी शनिवार वाढवला, मग संकष्टी. डोस वाढवूनही गुण येत नसेल तर औषध चुकलं आहे असं समजावं, हे त्या चेंबरमध्ये रोज सांगतात.

दरम्यान बेलवलकरांच्या घरी फोन आला. मंजुषाबाई पोळ्या करत होत्या. फोन ठेवून प्रभाकरराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“तुझ्या मासीमा विचारत होत्या, डॉक्टरला उपासाला शेंगदाणे चालतात का.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“चालतात म्हटलं. मी कशाला खोटं बोलू? फक्त एक सांग, लग्नानंतर तू एकही उपास केला नाहीस. माझ्या आईने आषाढीला विचारलं तर ॲसिडिटी सांगितलीस. आता शनिवारसुद्धा?”

“गप्प बसा आणि ताटं घ्या.”

“घेतो. पण देवाला कळलं तर तोही गोंधळेल.”

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मंजुषाबाई पार्कमधून परतत असताना शेफालीचा फोन आला. “दिदी, मासीमा घामाने भिजल्यात. हात थरथरतायत. मला विचारतायत, तू कोण.”

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. मासीमा पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, साडी पाठीला चिकटलेली, नजर कुठेच ठरत नव्हती. मंजुषाबाईंनी बोटाला सुई टोचली. मशीनवर साखर जेमतेम अठ्ठेचाळीस आली. गिळता येतंय एवढी खात्री त्यांनी करून घेतली आणि फ्रिज उघडला. आत, दुधाच्या पिशव्यांमागे, रसगुल्ल्याचा डबा होता. तो घरात नसावा असं त्यांनीच बजावलेलं होतं आणि तो नेहमी ‘पाहुण्यांसाठी’ असे. त्यांनी पाक वाटीत ओतला आणि चमच्याने मासीमांच्या तोंडात घालायला सुरुवात केली.

पंधरा मिनिटांनी आकडा वर आला. मासीमांनी शेफालीला ओळखलं आणि पहिलं काम म्हणून पंखा वाढवायला सांगितला.

“इन्सुलिन घेतलंत?” मंजुषाबाईंनी विचारलं.

“वेळेवर.”

“आणि नाश्ता?”

“नाही केला.”

“का?”

“उपास होता.”

“तुमचा? तुम्ही कधीपासून उपास करायला लागलात?”

“आजपासून.” मासीमा आता बऱ्यापैकी मासीमा झाल्या होत्या. “नवरा गेल्यावर नणंदेने एकादशी धरायला सांगितली, मी नाही म्हणाले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तू करतेस. डॉक्टर करते म्हणजे त्यात काहीतरी विज्ञान असणार. आणि तुम्ही मराठी लोक फार चिवट, गुडघे बघ तुझे, अजून कुरकुरत नाहीत.”

शेफालीने आणलेला दूध-पोहे असलेला वाडगा मंजुषाबाईंनी मासीमांच्या हातात दिला. त्या खात असताना मंजुषाबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “मासीमा, माझा कुठलाच उपास नाही. मला मधुमेह आहे. मिठाई टाळायची म्हणून सांगत होते.”

मासीमांनी घास संपवला. “किती?”

“आठ पूर्णांक एक.”

“आणि माझी?”

“सात पूर्णांक चार.”

“म्हणजे मी पास आणि तू नापास.” त्यांनी चमचा खाली ठेवला. “छत्तीस वर्षं मुलींना शिकवलं. गृहपाठ घरी विसरलं म्हणायच्या, मला कळायचं. तुझं नाही कळलं. वय झालं माझं.”

“चुकलं माझं.”

“ते नंतर. हा उपास तू आणखी कुणाला सांगितलास?”

“सगळ्यांनाच.”

“मग इथे काय बसलीस? माझ्यासारखी आणखी किती येडी असतील या ब्लॉकात! जा, सांगून ये. मी मरत नाही आता.”

मंजुषाबाईंनी मासीमांची साखर पुन्हा एकदा बघितली, शेफालीला काय-काय करायचं ते दोनदा म्हणून घ्यायला लावलं आणि बाहेर पडल्या. पहिल्या बेलपाशी त्या जरा रेंगाळल्या. मग प्रत्येक घरात तेच वाक्य बोलल्या, दारातच, बशी यायच्या आत: माझा उपवास नाही, मला मधुमेह आहे, आणि इन्सुलिन किंवा गोळी घेऊन कोणीही उपाशी राहायचं नाही.

एका निवृत्त इंजिनिअरने शनिवारचा नाश्ता सोडलेला निघाला, गोळी मात्र चालू होती. एका बाईंनी उपासाबद्दल काही न विचारता मंजुषाबाईंच्याच पायांची बोटं तपासायला मागितली, कारण मंजुषाबाई दर महिन्याला त्या बाईंची तपासत असत. दत्तबाबू नावाचे एक गृहस्थ मात्र सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, की ज्या डॉक्टरला स्वतःची साखर सांभाळता येत नाही तिच्याकडे त्यांना आता येता येणार नाही. ते खरंच दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. मंजुषाबाईंनी त्यांच्या जुन्या रिपोर्टांच्या प्रती पाठवून दिल्या.

बाकीचे राहिले. मात्र डॉक्टरचं ऐकण्याबरोबर डॉक्टरला ऐकवण्याचाही हक्क त्यांनी घेतला. बशीत आता काकडी आणि शेंगदाणे घातलेले मुरमुरे असतात. संदेश बघायलासुद्धा मिळत नाही. पार्कमध्ये कोणी ना कोणी भेटतं आणि घड्याळ बघतं. चेंबरमध्ये एकाने रिपोर्ट दाखवायच्या आधी “तुमचा नवीन आला का?” असं विचारलं, आणि बाहेर बाकावर बसलेले लोक उत्तर ऐकायला थांबले. आला होता. सात पूर्णांक तीन. बाकावरून “भालो, भालो” अशी शाबासकी आली.

मासीमांकडे नियम आणखी कडक आहे. मंजुषाबाई बसल्या की शेफाली आधी मशीन आणते.

“आधी तुझं बोट,” मासीमा म्हणतात. “मग माझं.”

जूनच्या एका सकाळी मशीनवर दोनशे बारा आले.

“नाश्त्याला काय खाल्लंस?”

“पोळी-भाजी.”

मासीमा चष्म्याच्या वरून बघत राहिल्या.

“आणि आमरस,” मंजुषाबाई म्हणाल्या. “रत्नागिरीहून पेटी आली होती. एक वाटी.”

“एक?”

“दोन.”

“प्रभाकरने दिला?”

“ते नको म्हणत होते.”

मासीमांनी स्वतःचं बोट पुढे केलं आणि शेफालीला म्हणाल्या, “हिला मुरमुरेसुद्धा देऊ नकोस. आज मंगळवार आहे.”