कापगत्यांच्या जीपची सीट

“अन् त्या जीपले चालवन कोन?” पीयूषनं तिसऱ्यांदा विचारलं.

“कोनी नाही. उभी राहीन,” दयाराम कापगते म्हणाले. “तुह्या पायावर उभी हाय का?”

पीयूष रायपूरहून बायकोला, शिल्पाला, घेऊन मुक्कामाला आला होता तो हाच विषय घेऊन. दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, बाजूचं नाहीसं होत चाललं होतं. डोळ्यांत थेंब सुरू झाले आणि गाडी चालवणं बंद झालं. दयारामांनी त्यावर वाद घातला नाही. स्टील प्लँटमध्ये ज्याला बाजूचं दिसत नाही त्याचं काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. तेव्हापासून जीप सेक्टर २ मधल्या क्वार्टरसमोर शेवग्याखाली उभी होती. रोज सकाळी ते तिचं इंजिन सुरू करत, थोडा वेळ कान लावून ऐकत, बंद करत आणि आत येऊन चहा मागत.

हथखोजचा अमरदीप जुन्या जीप घेऊन नव्यासारख्या करून विकायचा. तो उद्या सकाळी बघायला येणार होता. हे पीयूषनं परस्पर ठरवलं होतं आणि भांडण त्यावरून होतं.

वसुंधराबाई पलंगावर मेथी निवडत बसल्या होत्या. बाप-लेक दोघंही अधूनमधून त्यांच्याकडे बघत होते, कारण त्या कोणाच्या बाजूच्या हे दोघांनाही माहीत होतं.

“आई तो कब से बोल रही है, घर में या तो ये जीप रहेगी या मैं,” पीयूष म्हणाला.

वसुंधराबाईंनी हातातली जुडी झटकली. मेथीत माती फार होती.

बोलल्या होत्या हे खरं. जीप दारात आली तेव्हा तिला जीप म्हणणं हा नुसता शिष्टाचार होता. दुर्गच्या एका जंगल ठेकेदाराच्या आवारात ती पडून होती. तिचा तळ गंजून गेला होता, छत नव्हतं आणि आत शेळीची पिल्लं बांधलेली होती. दयारामांनी ती ट्रॉलीवर घालून आणली आणि पुढची सगळी वर्षं सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली झोपून काढली.

ते प्लँटच्या रोलिंग मिलमध्ये मेन्टेनन्सला होते. मिलमध्ये लोखंड इतकं थरथरतं की नुसता आवळलेला नट बघता बघता ढिला होतो. म्हणून तिथे नट आवळला की त्यावर वेल्डिंगचा एक ठिपका द्यायचा, अशी पद्धत. रिटायर होताना माणसं शाल आणि घड्याळ घेऊन घरी येतात, दयाराम हा ठिपकाही घेऊन आले. घरातला पलंग, गॅसची ट्रॉली, तुळशीजवळचा स्टँड, सगळं एकजीव झालेलं होतं. पलंग दुसऱ्या खोलीत न्यायचा ठरला तेव्हा त्याचा एक पाय कापावा लागला. जीपमध्ये तर ठिपक्याशिवाय नट सापडणं मुश्कील. त्यामुळे तिची कोणतीही दुरुस्ती दुप्पट चालायची. आधी ग्राइंडरनं स्वतःचंच जुनं काम कापायचं, मग नवं करायचं, मग त्यावर पुन्हा ठिपका. ठिणग्या वाळत घातलेल्या पापडांपर्यंत उडायच्या. वसुंधराबाई पापड उचलायच्या आणि जे बोलायचं ते बोलायच्या.

ड्रायव्हरची सीट त्यांनी अशीच स्वतःच्या लांब पायांच्या मापानं बसवून पक्की केली होती. मागेपुढे होत नाही म्हणून पीयूष कुरकुरायचा, तर म्हणायचे, दुसऱ्या कोणाला चालवायची आहे?

जीपचं कौतुक करायचं नाही, हा वसुंधराबाईंचा नेम होता. तसं केलं की नवीन काम निघायचं. कौतुकच काय, एकदा नुसतं वारा लागतो म्हणाल्या, तर दोन दिवसांनी दयारामांनी त्यांच्या शिलाई मशीनवर ताडपत्री चढवलेली. सुया मोडल्या, मशीनचा पट्टा तुटला. शेवटी, सरका बाजूला, म्हणत त्यांनी स्वतःच ते छत शिवून दिलं, आणि दुहेरी शिवण घातली, कारण वाईट शिवलेलं त्यांना बघवत नाही. गुडघे दुखायला लागले तेव्हा दयारामांनी डाव्या बाजूला चढायला पायरी केली, हत्ती चढला तरी वाकणार नाही अशी. धरायला दांडा बसवला. मे महिन्यात लोखंड हाताला चटका देतं म्हणून त्या दांड्यावर जुन्या खाटेची नेवार, ती जाड सुती पट्टी, गुंडाळली.

त्या पायरीवरून चढून त्या माहेरी जायच्या. माहेर सालेकशाच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. वाटेत एक नाला. त्यावर पूल होणार असं त्या लग्नाच्या आधीपासून ऐकत आल्या होत्या. पूर्वी रेल्वेनं सालेकशाला उतरून भावाच्या बैलगाडीची वाट बघावी लागायची. जीप आल्यावर वर्षातून दोन-तीनदा जाणं व्हायचं. चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून जीप वर चढायची आणि पलीकडे भाऊ पुंडलिक टोपी सारखी करत उभा असायचा. कापगत्यांच्या जीपमधून उतरताना वसुंधराबाई चेहरा अगदी साधा ठेवायच्या.

रविवारी सकाळी अमरदीप आला. हसतमुख, तिशीतला माणूस. त्यानं किल्लीनं पत्र्यावर टकटक केलं, खाली वाकून बघितलं आणि सीटवर बसून ती पुढे ओढायला गेला. सीट हलेना. त्यानं आणखी जोर लावला, मग खाली हात घालून बघितलं आणि हसत पीयूषला विचारलं, काकांना सीट चोरीला जायची भीती होती का. शिल्पाही हसली.

वसुंधराबाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो डावीकडच्या दांड्यावरची नेवार अंगठ्याच्या नखानं उकलून बघत होता.

“इंजिन अच्छा है, आंटी,” तो म्हणाला. “बाकी ये सब काट के निकालना पड़ेगा. कपड़ा भी.”

“ये पायरी?”

“वो तो सबसे पहले.”

दयाराम भांडतील असं त्यांना वाटलं. कालपासून तोंड सुरू होतं, आता तर खरं कारण मिळालं होतं. पण दयाराम चहाचा कप हातात घेऊन अमरदीपच्या शेजारी गेले आणि शांतपणे सांगू लागले. उतारावर तिसरा गिअर हातानं धरून ठेवावा लागतो. थंडीत पहिल्यांदा सुरू होत नाही, तेव्हा पुन्हा पुन्हा सेल्फ मारायचा नाही, थांबायचं. पाण्यातून निघाल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करून घ्यायचे.

वसुंधराबाईंचा ट्रे हातातच राहिला.

हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. मिलमध्ये शिफ्ट संपली की येणाऱ्या माणसाला मशीनची तब्येत सांगायची आणि मगच गेटकडे निघायचं. निरोपाच्या दिवशी हार गळ्यात असताना दयाराम त्यांच्या जागी आलेल्या पोराला असंच सगळं सांगत होते. त्या दिवसापासून मिलचं नाव त्यांनी स्वतःहून काढलं नाही. ते भांडतात तोवर वस्तू त्यांची असते. तब्येत सांगायला लागले म्हणजे त्यांनी सोडली.

त्यांनी ट्रे बोनेटवर ठेवला. दयारामांनी लगेच सवयीनं तिथला रंग बघितला.

वसुंधराबाई डावीकडच्या पायरीकडे न जाता उजवीकडे वळल्या. तिकडे पायरी नव्हती. स्टिअरिंग धरून, गुडघ्याला दोन शब्द ऐकवून, त्या वर चढल्या आणि सीटवर बसल्या. पदर सावरला. डावा पाय क्लचकडे नेला. चप्पल हवेतच राहिली.

“आई, क्या कर रही हो?” पीयूष म्हणाला.

त्यांनी पाय आणखी लांबवला. पुरला नाही. आयुष्यभर शिलाई मशीनचं पायडल हाणलेला पाय होता, जोर कमी नव्हता, अंतर जास्त होतं.

“हे चार बोटं पुढं घ्या,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

दयारामांनी सीटकडे बघितलं. मग त्यांना सुचलं ते बोलले. “त्याले वेल्डिंग मारली हाय.”

“माहीत हाय मले. ग्राइंडर घरातच हाय ना?”

अमरदीपनं पीयूषकडे बघितलं. पीयूष म्हणाला की आईनं स्कूटीशिवाय काही चालवलेलं नाही. दयाराम मात्र आता वाकून सीटखाली बघत होते. क्लचही कडक आहे, त्याचा दांडा थोडा लांबवला तर हलका होईल, असं ते स्वतःशीच पुटपुटले. उजवीकडेही एक पायरी लागेल. कप त्यांनी कुठे ठेवला ते त्यांनाही कळलं नाही.

“चहा घ्या तुमी, गार होऊन राहिला,” वसुंधराबाईंनी अमरदीपला सांगितलं. मग बाकीच्यांकडे वळून, आज संध्याकाळी भाजी कोणती हे सांगावं तशा म्हणाल्या,

“जीप विकाची नाही. स्कूटीचं लायसन हाय, हिचं काढीन. बाजूले हे बसतीन, काय करू ते सांगाले. होळीले पुंडलिककडं मी नेऊन राहिली सगळ्यायले.”