गेटातून आत येणारा हात

नवऱ्याची फॅक्टरीची बस जवाहरनगरच्या क्वार्टरांसमोरून निघून गेली की मी माझी स्कूटी काढते. डिकीत उकडलेल्या कलेजीचा डबा, खांद्यावर लांब पट्टे. भंडारा ओलांडायचं, वैनगंगेचा पूल ओलांडायचा, की कारध्याच्या अलीकडं एक मोकळं मैदान लागतं. तिथं मी कुत्र्यांचा क्लास घेते. क्वार्टरमधल्या बायका मला 'कुत्र्याइची मास्तरीण' म्हणतात. म्हणोत बापड्या.

माझा स्वभाव तापट आहे. कुत्र्यांवर आवाज चढत नाही, मालकांवर चढतो. राईस मिलवाला एक जण आपला रॉटवायलर घेऊन आला आणि म्हणाला, "म्याडम, याले असं शिकवा का लोक पाहूनच पळाले पाहिजे." मी म्हटलं, त्यासाठी कुत्रं कशाला, तुम्ही स्वतःच गेटवर उभे राहत जा. तो पुन्हा आला नाही. गिऱ्हाईक असं तोडायचं नसतं, हे मला कळतं. पण तोंड माझ्या ताब्यात नसतं.

अशा क्लासमध्ये एक काका आले. शाळेतून रिटायर झालेले, बायको वारलेली, भंडाऱ्यात एकटेच राहणारे. स्कूटीच्या पायदानावर त्यांचा काळा लॅब्राडोर पुढं तोंड काढून उभा असायचा आणि पुलावरच्या वाऱ्यानं त्याचे कान मागं उडायचे. काकांनी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. दूधवाल्यानं गेटाच्या गजांतून पिशवी आत धरली आणि कुत्र्यानं त्याचं मनगट धरलं. बिचाऱ्याला इंजेक्शनं घ्यावी लागली. काकांचा मुलगा नागपूरला असतो, त्याला दीड वर्षाची मुलगी. तो फोनवर म्हणाला होता की, नातीला घरी आणायचं असेल तर हे कुत्रं सानगडीच्या शेतावर जाईल.

"शेतावर म्हंजे काय, बाई," काका म्हणाले, "पान्याच्या मोटारीच्या खोलीजवळ साखळीनं बांधाचं. आधीचं एक कुत्रं असंच बांधलं होतं. बिबट्यानं नेलं. साखळी तेवढी राह्यली."

हे सांगताना त्यांचा हात कुत्र्याच्या मानेवर होता. मी म्हटलं, बघू.

खरं सांगायचं तर कुत्रा मला पहिल्याच सकाळी आवडला. चावरा कुत्रा डोळे चोरतो, अंग ताठ करतो. हा सगळ्यांना अंग घासत फिरायचा. 'बस' म्हटलं की बसायचा. मुठीत कलेजी धरली तर दात न लावता मुठीला नाक लावून थांबायचा. मी बोटं त्याच्या तोंडापुढं नाचवली, काही नाही. दुसऱ्याची पोरं मैदानात धावली, काही नाही. काका प्रत्येक वेळी माझ्याकडं असे बघायचे, जणू त्यांच्याच परीक्षेचा निकाल लागतोय.

मग काकांच्या मुलाचा मला फोन आला. आवाज सरळ होता, उद्धट नव्हता.

"म्याडम, बाबाचं काही ऐकू नका. ते त्याच्याच बाजूनं बोलतेत. तुमी सांगा, माह्या पोरीले त्याच्यासमोर सोडू का नाही? तुमी हो म्हनलं तर राहू देतो."

म्हणजे कुत्र्याचं राहणं-जाणं माझ्या एका शब्दावर आलं. मैदानात बघून मी हो म्हणाले असते. पण दूधवाल्याचं मनगट माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मैदानात शहाणा आणि घरी चावरा, असं कुत्रं उगाच होत नाही. घरात काहीतरी चाललेलं असतं. मी मुलाला म्हटलं, थोडे दिवस द्या. आणि काकांना न सांगता एका सकाळी त्यांच्या गल्लीत गेले. शनिवार होता.

गल्लीच्या कोपऱ्यावरच मला काका दिसले. आंघोळ केलेली, केस ओले, खांद्यावर पंचा. ते स्वतःच्याच घराच्या गेटाबाहेर रस्त्यावर उभे होते, पाहुण्यासारखे. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. हातात तेल चोपडलेली पोळी, वर काळे तीळ. तो हात त्यांनी गजांतून आत घातला. आत कुत्रा मागच्या पायांवर उभा, तोंडातून लाळ. त्यानं पोळी हातातून हिसकावली, आणि काका मागं वळून न बघता चार पावलं चालून गेले.

माझं डोकं फिरलं. मी आजवर त्याला जे मैदानात शिकवत होते, ते काका इथं गेटावर पुसून टाकत होते. गेटातून हात आला की झेप घ्यायची, हा धडा तर त्याचा सगळ्यात पक्का होता. दूधवाला त्याच धड्यात सापडला.

"काका, हे काय चालवलंय?" मी विचारलं. ते दचकले.

त्यांनी गेट उघडलं. मग मला ओट्यावर बसवलं, स्वतः उभेच राहिले आणि हळू आवाजात बोलले. मुलाला साडेसाती. मोटरसायकलचा मोठा अपघात झाला, मग नोकरी लटकली, मग सुनेचं पहिलं बाळ पोटातच गेलं. कोणीतरी काळ्या कुत्र्याला शनिवारी तेलाची पोळी घालायला सांगितलं. कुत्र्यानं ती पोळी खाल्ल्याशिवाय त्या दिवशी ना त्याच्या पोटात दुसरं काही जायचं, ना काकांच्या.

"मग घरात द्या ना. गेटाबाहेर जाऊन कशाला?"

"घरच्या कुत्र्याले देल्लं तर ते दान होते काय, बाई? घरचंच घरात. म्हून मी बाहेरून येतो. बाहेरचा माणूस होऊन देतो."

मला हसू यावं की रडू, कळेना. पण ते पुढं म्हणाले, "आनि हे चालू केल्यावरच माह्या पोराले पोट्टी झाली. हे कोनाले सांगाचं नसते. सांगतलं का सारं फळ जाते. तुमी पाह्यलं, आता तुमच्या तोंडून निघालं नाही पाहिजे. माह्या पोराले तर नाहीच नाही."

मी त्यांना समजावलं. दान बंद करू नका, पण ताटलीत द्या, अंगणात द्या, आधी त्याला बसवा. ते नाही म्हणाले. हातानंच द्यावी लागते, आणि बाहेरूनच. माझा आवाज चढला. "काका, उद्या त्या गजांतून तुमची नात हात घालेल. तिच्या हातात बिस्किट असेल. मग?"

"तसं नाही होत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. एकीकडं कुत्रा, दुसरीकडं मुलाचं बरंवाईट, आणि दोन्ही त्यांनी एकाच पोळीला बांधून ठेवलं होतं. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. त्या दिवशी मी वचन दिलं की कोणाला सांगणार नाही. तेव्हापासून काका क्लासला यायचे थांबले.

मुलाला काय सांगायचं? कुत्रा वाईट नाही म्हणावं तर पोरीला धोका. धोका आहे म्हणावं तर कुत्रा सानगडीला. खरं कारण सांगावं तर काकांचा विश्वास मोडतो. मी फोन टाळत राहिले. शेवटी त्याचाच मेसेज आला. शनिवारी सकाळी येतो, बायको-पोरीला घरी सोडतो आणि कुत्र्याला घेऊन परस्पर सानगडीला जातो.

शनिवारी मी कलेजीचा डबा घेऊन पुलाकडं न जाता सरळ काकांच्या गल्लीत गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. काकांना निदान आज तरी पोळी आवरा म्हणायचं, एवढंच डोक्यात होतं.

मला उशीर झाला होता. काका गेटाबाहेर उभे होते, डोळे मिटून, हात आत घालायच्या तयारीत. आत कुत्रा दोन पायांवर, गजांना नाक लावून. आणि माझ्या अगदी शेजारून एक गाडी पुढं गेली आणि गेटापाशी थांबली. मागचं दार उघडलं, सून उतरली, मुलीला खाली ठेवून पिशवी काढायला वळली. मुलगी धावली. आजोबा जे करत होते तेच तिनं केलं. आजोबांचा हात वरच्या गजांतून आत, तिचा खालच्या गजांतून. मुठीत बिस्किट.

ओरडावंसं वाटलं. पण ओरडलं की कुत्रा झेपेल, हे मला माहीत होतं. मी पळत होते आणि तोंड घट्ट मिटून पळत होते. असं पळणं माझ्यावर पुन्हा येऊ नये.

मुलगी 'आबा' म्हणाली. काकांनी डोळे उघडले. कुत्र्याचं तोंड खाली वळलं होतं. काकांनी पोळी टाकली आणि दुसरा हात खालून घालून सरळ त्या उघड्या तोंडात दिला.

मग एकदम सगळे आवाज झाले. सून किंचाळली, मुलगी रडली, मुलगा गाडी तशीच टाकून आला. मी मुलीला उचलून मागं घेतलं, तिच्या हाताची बोटं एकेक करून पाहिली. ओरखडासुद्धा नव्हता. बिस्किट अजून मुठीतच होतं. काकांच्या तळहातातून रक्त गळत होतं. हात कोणाचा हे कुत्र्याला तो सोडतानाच कळलं असावं. तो जिन्याखाली जाऊन अंग चोरून बसला, पोळीकडं त्यानं बघितलंही नाही.

मी काकांना अंगणातल्या नळापाशी नेलं आणि साबण मागितला. असा चावा वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावा लागतो, मग दवाखान्यात जायचं. काका धारेखाली हात धरून बसले. मुलानं कोपऱ्यातली काठी उचलली.

"आता पाह्यलं ना? आताच नेतो याले."

"त्यानं नाही चावलं," काका म्हणाले. "मीच हात घातला."

"तुमचा हात गेटात होताच कायले, बाबा? घर तुमचं, कुत्रं तुमचं, तुमी बाहेर उभे राहून काय करून राहिले होते?"

नळ चालू होता. मुलानं मला विचारलं, "म्याडम, तुमाले माईत आहे?"

माझ्या जिभेवर होतं. मी साबण फिरवत राहिले. माझं वचन गेलं असतं तर चाललं असतं, पण ते काकांच्या तोंडून यायला हवं होतं, नाहीतर त्यांनी मला आणि मुलाला दोघांनाही माफ केलं नसतं. मी नुसतं काकांकडं पाहिलं. आणि इतका वेळ दाबून धरलेला माझा संताप बाहेर पडला, "बोला आता, काका. नाहीतर तो काठी घेऊन जिन्याकडं चाललाय."

काका बोलले. खाली मान घालून, लाल पाण्याकडं बघत. अपघात, नोकरी, पोटातलं बाळ, तेलाची पोळी, बाहेरचा माणूस होणं, सगळं. मुलगा ऐकत उभा राहिला. काठी त्याच्या हातात होती, पण ती कशासाठी घेतली हे तो विसरला असावा.

"हे माह्यासाठी?" त्यानं विचारलं.

"आता काय," काका म्हणाले. "तोंडातून निघालं. सारं फळ गेलं."

मुलानं काठी भिंतीला टेकवली. बायकोच्या कडेवरून मुलीला घेतलं आणि काकांच्या मांडीवर बसवलं, पाण्यानं भिजली तरी.

"कुठी गेलं, बाबा? हे काय, बसून तर आहे."

काकांनी बऱ्या हातानं तिला धरलं. मुलगा माझ्याकडं वळला.

"म्याडम, याची सवय सुटते काय?"

"सुटेल. वेळ लागेल. पण गेटातून हात आत येणं कायमचं थांबलं पाहिजे. एक शनिवारसुद्धा नाही."

"माह्यं मी पाहून घेतो, बाबा," तो म्हणाला. "शनी का काय असल ते. पण हे तुमीच ठरवा. पोळी का कुत्रं?"

काकांनी जिन्याकडं पाहिलं. जिन्याखाली कुत्रा पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून त्यांच्याकडंच बघत होता. मुलगी भिजल्या बिस्किटाचा तुकडा आजोबांच्या तोंडाला लावत होती. त्या दिवशी त्यांच्या पोटात अजून काही गेलं नव्हतं.

"पोळी बंद," काका म्हणाले. मग त्यांनी नातीच्या हातचं बिस्किट खाल्लं आणि आम्हा सगळ्यांसमोर रडले.