तोमासाचा पंखा मिटेपर्यंत

कार्देनास बंदरातल्या लिबोरियाने पहिल्यांदा बासरी उचलली, तेव्हा बाप म्हणाला होता, "पोरीनं व्हायोलिन शिकावं. बासरीनं तोंड वाकडं होतं." तिने तोंड वाकडं होऊ दिलं आणि पुढे स्वतःचा ताफा उभा केला. व्हायोलिनवाले, खर्जातला मोठा बास वाजवणारा, तालवाद्यांवर धाकटा भाऊ सिल्वेरिओ, आणि सगळ्यांच्या पुढे ती. लग्नांत, ऊसतोड संपल्यावर, दर रविवारी नाचघरात, अख्खा गाव तिच्या दान्सोनवर, त्या संथ जोडीनाचाच्या संगीतावर, नाचत नाचत म्हातारा झाला.

मग नाचघराचे टकले अध्यक्ष एवारिस्तो यांनी तबकड्यांचं यंत्र आणलं.

"याला ना घाम येत, ना भूक लागत," ते म्हणाले. "या रविवारी दोघंही वाजवा. ज्याच्यावर लोक नाचतील तेच इथं राहील."

"टक्कलही पडत नाही त्याला," लिबोरिया म्हणाली. "ठरलं."

रविवारी आधी यंत्र वाजलं. दान्सोनची सुरुवातीची धून लागली की जोड्या नुसत्या उभ्या राहतात, ख्यालीखुशाली विचारतात, बायका घडीचे पंखे हलवतात. धून संपली की नाच. यंत्राची धून चटकन संपली. कुणाचं बोलणं अर्धवट, कुणाचा पंखा उघडाच. पावलं चुकली, आणि दुखऱ्या गुडघ्याची तोमासा पुटपुटत खुर्चीकडे वळली.

"दम खा, तोमासा," लिबोरिया म्हणाली आणि तिने बासरी ओठांना लावली.

धून वाजली. तोमासा नवऱ्याचा हात धरून परत आली, पण अजून धापा टाकत होती. लिबोरियाने भावाकडे मान हलवली. पुन्हा तीच धून.

"ताई, अजून?" सिल्वेरिओने हळूच विचारलं.

तिने नुसत्या भुवया उंचावल्या. पुन्हा धून.

एवारिस्तो मंचाशी आले. "अहो, सुरू कधी करणार?"

तिने बासरी न थांबवता डोळ्यांनीच तोमासाकडे खूण केली. तोमासाने नवऱ्याला काहीतरी टोमणा मारला, ती हसली, आणि तिने पंखा मिटला.

तेव्हा बासरी उंच चढली. सगळं नाचघर एका पावलाने हललं. एवारिस्तोंच्या बायकोने त्यांचा हात धरला. "चला आता. यंत्राला पाय नाहीत, तुम्हाला आहेत."

नाच संपल्यावर ते घाम पुसत आले. "यंत्र अंगणात ठेवतो. पोरांना नाचायला होईल."

"ठेवा," लिबोरिया म्हणाली, आणि पुढच्या दान्सोनसाठी तिने तोमासाकडे पाहिलं.